व्हिस्कीचा मका किती बारीक दळायचा?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग मंजूर केला. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी, म्हणजे मद्यार्कासाठीच, मक्याने उसाला मागे टाकल्याच्या बातम्या त्याआधीपासूनच येत होत्या. मका आणि मद्यार्क ही जोडी त्यामुळे एकदम चर्चेत आली. मी ठाण्यात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली मुलं अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. त्यात परसातल्या शेडमध्ये कुणीतरी भलंमोठं पातेलं चढवून व्हिस्कीसाठी मका शिजवत असतो. त्यावरून वर्गात दोन तट पडलेत. काहींच्या मते जाडा भरडा बरा. बाकीच्यांच्या मते गिरणीतून पिठासारखा बारीक दळून आणला तर दारू जास्त निघते. "मॅडम, खरं काय?" हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं नीट उत्तर द्यायला दाण्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी थोडक्यात उत्तर देते. बारीक दळल्याने मक्यातली साखर वाढत नाही, कारण वाळलेल्या मक्यात साखर जवळपास नसतेच. बारीक दळल्याने पाणी आणि उष्णता दाण्याच्या आतपर्यंत लवकर पोचते, इतकंच. पण तेच बारीक पीठ पुढे ढवळताना, तापवताना आणि गाळताना त्रास देतं. म्हणून दळण किती बारीक हवं ते पुढे कुठलं भांडं आहे त्यावर ठरतं. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरात मद्य बनवणं गुन्हा आहे. हा लेख प्रक्रिया समजून घेण्यासाठी आहे. कायद्याबद्दल आणि धोक्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

दाण्याच्या आत काय असतं

मक्याचा एक वाळलेला दाणा घ्या आणि धारदार सुरीने उभा चिरा. टोकाकडे पिवळट, जरा तेलकट असा अंकुर दिसेल. मधोमध पांढरा, ठिसूळ भाग असतो. नखाने खरवडला तर त्याची भुकटी होते. त्याच्या भोवती, सालीच्या आत, पिवळा काचेसारखा भाग असतो. त्यावर नख घसरतं. हे दोन्ही भाग मुख्यतः स्टार्चचेच. फरक इतकाच, की पांढऱ्या भागात स्टार्चचे कण सैल बसलेले असतात, तर काचेसारख्या भागात ते प्रथिनांच्या जाळीत घट्ट चिणलेले असतात. या प्रथिनाचं नाव झेइन. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याला आत शिरणं जड जातं.

कोरड्या दाण्याच्या वजनात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो. बाकी ८ ते १० टक्के प्रथिनं, ४ टक्क्यांच्या आसपास तेल आणि उरलेलं साल-तंतू.

अमेरिकेत व्हिस्कीसाठी वापरतात तो मका बहुधा ‘डेंट’ जातीचा असतो. वाळल्यावर त्याच्या डोक्यावर खळगा पडतो, कारण आतला पांढरा मऊ भाग जास्त असतो आणि तो आक्रसतो. आपल्या बाजारात येणारा बराचसा मका गोल डोक्याचा आणि कडक असतो, म्हणजे त्यात काचेसारखा भाग जास्त. त्यामुळे अमेरिकन व्हिडिओत ‘इतका जाडा चालेल’ असं सांगितलेलं माप आपल्या मक्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. कडक दाणा एक तर जास्त बारीक करावा लागतो, नाहीतर जास्त वेळ शिजवावा लागतो. वर्गातल्या वादात ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

मॅश म्हणजे काय

दळलेलं धान्य पाण्यात शिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करणं म्हणजे मॅशिंग, आणि त्या लगद्याला म्हणतात मॅश. हे करावं लागतं, कारण यीस्ट स्टार्च खाऊ शकत नाही. त्याला साखरच लागते. साखर खाऊन ते मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं.

आपल्याकडची हातभट्टी या पायरीतून सुटते. ठाण्या-नवी मुंबईच्या खाडीकाठी, कांदळवनात छापा पडला की बातमीत ‘इतके लिटर रसायन नष्ट केले’ असं वाक्य असतं. ते ‘रसायन’ म्हणजे बहुतेक वेळा काळा गूळ आणि नवसागर घालून आंबवलेलं पाणी. गुळात साखर तयारच असते, त्यामुळे शिजवण्याची, तापमान सांभाळण्याची गरजच नसते. धान्याचं तसं नाही. धान्यातली साखर आधी मोकळी करावी लागते, आणि व्हिस्कीतली निम्मी मेहनत तिथेच असते.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ समजा. ती कापणाऱ्या कात्र्या म्हणजे एन्झाइम. व्हिस्कीत दोन कात्र्या महत्त्वाच्या. अल्फा-अमायलेज माळ मधेच कुठेही तोडतं, त्यामुळे लांब माळेचे झटपट तुकडे होतात आणि घट्ट लगदा पातळ होतो. बीटा-अमायलेज टोकापासून दोन-दोन मणी कापत येतं. दोन मण्यांचा तो तुकडा म्हणजे माल्टोज, यीस्टला खाता येणारी साखर.

न मोडवलेल्या मक्यात या कात्र्या कामापुरत्या नसतात. म्हणून मक्याच्या व्हिस्कीतही थोडं जव घालतात, तेही मोड आणून वाळवलेलं, म्हणजे माल्ट केलेलं. अमेरिकेच्या कायद्यानुसार ‘बर्बन’ या तिथल्या व्हिस्कीत किमान ५१ टक्के मका लागतो आणि ‘कॉर्न व्हिस्की’ म्हणायचं तर किमान ८० टक्के. उरलेल्या वाट्यातलं थोडंसं माल्ट सगळ्या मक्याचा स्टार्च कापून काढतं.

बारीक केल्याने नेमकं काय बदलतं

आता दळणाकडे येऊ. मक्याचा दाणा ८ मिलिमीटरचा घन आहे असं धरा. त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे केले, तर ४०९६ तुकडे होतात आणि एकूण पृष्ठभाग १६ पट होतो. आकडा मोठा वाटतो, पण खरी गंमत वेगळीच आहे. पाणी बाहेरून आत झिरपत जातं. झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर अर्धं झालं तर वेळ पाव होतो. अंतर सोळाव्या हिश्श्यावर आलं तर वेळ २५६व्या हिश्श्यावर येतो. हिशेब ढोबळ आहे, दाण्याची साल आणि झेइनची जाळी त्यात धरलेली नाही. तरीही जाड भरड्याला तासभर उकळावं लागतं आणि पिठाचं काम काही मिनिटांत होतं, याचं कारण त्यात दिसतं.

मात्र दळणाने स्टार्च ‘मोकळा’ होतो हा समज चुकीचा आहे. मक्यातला स्टार्चचा एक कण साधारण १५ मायक्रॉनचा असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. गिरणीतून आलेल्या छान बारीक पिठाचा कण २०० मायक्रॉनचा धरला, तरी त्या एका कणात दोन हजारांहून जास्त स्टार्चकण अजून एकमेकांना चिकटून बसलेले असतात. गिरणी त्यांना सुटं करू शकत नाही. ते काम उष्णता आणि पाणी करतं.

मग उकळायची तरी काय गरज, इतकं बारीक पीठ असताना?

कच्च्या स्टार्चच्या कणात माळा इतक्या दाबून रचलेल्या असतात की कात्रीला आत शिरायला जागा नसते. गरम पाण्यात कण फुगतो, फुटतो आणि माळा मोकळ्या होतात. याला स्टार्च शिजणं म्हणू. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला शिजतो. पण दाण्याच्या तुकड्यात तो झेइनच्या जाळीत अडकलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात ८५ अंशांच्या वर, बऱ्याचदा उकळीपर्यंत न्यावं लागतं.

अडचण इथेच आहे. माल्टमधलं बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांना उत्तम चालतं आणि ७०च्या पुढे लवकर मरतं. अल्फा थोडं तग धरतं, पण ७५ ते ८०च्या पुढे तेही जातं. म्हणजे मका शिजतो त्या तापमानाला कात्र्या मरतात, आणि कात्र्या चालतात त्या तापमानाला मका नीट शिजत नाही. जवाचं सोपं असतं. त्याचा स्टार्च कमी तापमानाला शिजतो, म्हणून निव्वळ माल्टची व्हिस्की करणाऱ्याला ही कसरत करावी लागत नाही.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या, बर्बन बनवणाऱ्या डिस्टिलऱ्या यावर क्रमाने मार्ग काढतात. आधी मका उकळीच्या आसपास शिजवायचा. मग थोडं गार करून राय (गव्हासारखं एक धान्य) घालायची, आणि ६५ अंशांच्या आसपास आलं की शेवटी जवाचं माल्ट. बऱ्याच ठिकाणी मक्यासोबत सुरुवातीलाच चिमूटभर माल्ट घालतात. तापत असताना, मरायच्या आधी, ते लगदा थोडा पातळ करून जातं, म्हणजे ढवळणं सोपं होतं.

बारीक दळणाचा फायदा या पहिल्या पायरीत मिळतो. पीठ असेल तर शिजवण्याचा वेळ कमी लागतो आणि तापमान थोडं कमी राहिलं तरी निभावतं. भरडा असेल तर खरी, सणसणीत उकळी आणि भरपूर वेळ हवा. तो दिला तर भरड्यातूनही जवळपास तितकीच साखर मिळते. म्हणून ‘पिठाने दारू जास्त निघते’ या म्हणण्यातलं खरं इतकंच, की कमी शिजवणाऱ्याला पीठ वाचवतं.

आज बाजारात उष्णता सहन करणारं अल्फा-अमायलेज मिळतं. ते जिवाणूंपासून काढतात आणि ते ८५-९० अंशांनाही काम करतं. त्यासोबत बुरशीपासून काढलेलं ग्लुकोअमायलेज वापरलं तर माल्ट न घालताही सगळा स्टार्च ग्लुकोजपर्यंत जातो. मोठे कारखाने हेच करतात. यामुळे तापमानाची ती अडचण बरीच सुटते, पण दळणाचा प्रश्न राहतोच, कारण एन्झाइम कितीही चिवट असलं तरी न भिजलेल्या तुकड्याच्या आत ते जाऊ शकत नाही.

स्वयंपाकघरात, कायदा न मोडता, डोळ्यांनी बघण्यासारखं

हे सगळं मी मुलांना एका साध्या प्रयोगातून दाखवते. यात काही आंबवायचं नाही, त्यामुळे मद्य तयार होण्याचा प्रश्न नाही.

नाचणीला मोड आणा, सावलीत खडखडीत वाळवा आणि मिक्सरमध्ये पूड करा. भाजू नका. कडक भाजलं की एन्झाइम मरतात. हे आपलं माल्ट. मग मक्याचं बारीक पीठ थंड पाण्यात कालवून मंद आचेवर चांगलं शिजवा. चमचा उभा राहील इतकं घट्ट होऊ द्या. आच बंद करा, थर्मामीटर ६५-६८ अंश दाखवेपर्यंत थांबा आणि दोन चमचे नाचणीची पूड घालून ढवळा.

पहिल्या काही मिनिटांत जे होतं ते बघताना वर्ग शांत होतो. चमचा अडवणारा लगदा सैल पडतो, मग लापशीसारखा होतो, मग चक्क ओघळायला लागतो. पाण्याचा थेंबही वाढवलेला नसतो. अल्फा-अमायलेजने माळा तोडल्या, एवढंच. झाकून अर्धा तास ठेवा आणि चाखून बघा. फिकट गोडवा जिभेवर लागतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात नेमका हाच गुण लहान मुलांच्या आहारासाठी अभ्यासला गेला. मोडाच्या धान्याचं चमचाभर पीठ घातलं की पेज पातळ होते, आणि बाळाला तितक्याच घोटांत जास्त धान्य भरवता येतं.

आता हेच दुसऱ्या पातेल्यात मक्याच्या जाड भरड्याने करा. शिजवण्याचा वेळ तेवढाच ठेवा. वरचं पाणी गोडसर होईल, पण तळाचे कण बोटांत दाबले तर मधे टणक गाठ लागते. चाखून झालं की असा एक कण बशीत काढून फोडा आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळतं ते टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून एक थेंब टाका. आयोडीन स्टार्चला भेटलं की निळं-काळं होतं. कणाचा मधला भाग शाईसारखा गडद होतो. तो न वापरला गेलेला स्टार्च. पिठाच्या पातेल्यातल्या पाण्यावर तोच थेंब टाकला तर रंग तपकिरी-लालसरच राहतो, म्हणजे लांब माळा संपल्या. आयोडीन लागलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, हे मी मुलांना दोनदा सांगते.

मग भरड्याचं पातेलं पुन्हा गॅसवर ठेवून तासभर उकळा, गार करा, नाचणीची नवी पूड घाला. आता कण मधूनही फिके निघतात. दळणाची उणीव वेळेने भरून निघते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

एवढं असेल तर सरळ पीठच का वापरू नये?

कारण पिठाची स्वतःची दुखणी आहेत, आणि व्हिडिओत ती नेहमी दिसत नाहीत.

पहिलं दुखणं गुठळ्यांचं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. पीठ आधी थंड किंवा कोमट पाण्यात कालवून मग तापवलं तर हे टळतं.

दुसरं, तळाला लागणं. बारीक पीठ तळाशी बसतं, तिथेच शिजून घट्ट होतं, आणि खालून थेट आच असेल तर करपतं. करपलेला वास एकदा मॅशमध्ये उतरला की पुढच्या कुठल्याही पायरीत तो निघत नाही. मोठ्या कारखान्यात वाफेने तापवतात आणि आत यांत्रिक ढवळणी असते, म्हणून त्यांना बारीक पीठ परवडतं. गॅसच्या शेगडीवरच्या पातेल्यात तशी सोय नसते.

तिसरं दुखणं गाळण्याचं, आणि माझ्या मते निर्णय खरा इथेच होतो. स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्कीत गोड पाणी गाळून घेतात, आणि गाळणी असते जवाच्या सालीची. म्हणून तिथे दळण मुद्दाम बारीक करत नाहीत. साधारण २० टक्के साल, ७० टक्के रवाळ भाग आणि १० टक्के पीठ असं प्रमाण ठेवतात. पीठ वाढलं तर थर गच्च होतो आणि पाणी उतरतच नाही. मक्याला तर अशी सालच नाही. बारीक पिठाचा मॅश कापडातून गाळायला गेलं तर कापड मिनिटभरात बुजतं. जो चोथा उरतो तो भरपूर पाणी धरून बसतो, आणि त्या पाण्यात साखर असते. बारीक दळून शेवटच्या दोन-तीन टक्क्यांचा स्टार्च मिळवायचा आणि त्याहून जास्त साखर चोथ्यात सोडून द्यायची, असा तो व्यवहार होतो.

बर्बनवाले यातून वेगळ्या रीतीने सुटतात. ते गाळतच नाहीत. धान्यासकट आंबवतात आणि धान्यासकटच उंच स्तंभाच्या भट्टीत सोडतात. वाफ थेट आत शिरते, त्यामुळे करपण्याचा प्रश्न नसतो.

म्हणून माझं मत असं. जिथे वाफेने तापवतात आणि गाळत नाहीत, तिथे बारीक पीठ. जिथे थेट आच आहे आणि गाळायचं आहे, तिथे रव्यासारखं जाडसर दळण आणि जास्त वेळ उकळी. वर्गातले दोन्ही तट बरोबर होते, फक्त ते वेगवेगळ्या भांड्यांबद्दल बोलत होते.

घरघंटी वापरणाऱ्यांना दळणाचं हे प्रमाण लगेच कळेल. तिच्यासोबत वेगवेगळ्या भोकांच्या जाळ्या येतात. आतली पाती दाणा आपटून फोडतात, आणि तुकडा जाळीतून जाण्याइतका लहान होईपर्यंत आतच फिरत राहतो. डिस्टिलरीत मका दळणारी हॅमर मिल याच तत्त्वावर चालते, फक्त अवाढव्य. भोकं किती मिलिमीटरची ठेवायची, यावर तिथले तंत्रज्ञ खरोखर तासन्‌तास चर्चा करतात.

एक सावधगिरी. किराणा दुकानात पांढऱ्या कॉर्नफ्लोअरचं पाकीट मिळतं. ते मक्याचं पीठ नसतं, मक्यातून काढलेला निव्वळ स्टार्च असतो. बारीक असण्यात त्याला तोड नाही, पण त्यात प्रथिनं आणि खनिजं नाहीत, त्यामुळे यीस्टला साखरेपलीकडचं पोषण मिळत नाही आणि आंबवण अडखळतं. उलट गिरणीतून आणलेल्या पिठात अंकुराचं तेल असतं. ठाण्याच्या दमट हवेत ते लवकर खवट होतं. भरडा त्यामानाने टिकतो.

इथेनॉलच्या कारखान्याला हे किती महत्त्वाचं?

स्वयंपाकघरात एखाद्या टक्क्याने काही बिघडत नाही. कारखान्यात बिघडतं. १०० ग्रॅम स्टार्चपासून गणिताने १११ ग्रॅम ग्लुकोज आणि त्यापासून सुमारे ५७ ग्रॅम, म्हणजे ७२ मिलिलिटर मद्यार्क मिळायला हवा. त्या हिशेबाने, दाण्यातला ओलावा वजा जाता, एक टन मक्यातून ४३० लिटरच्या आसपास निघायला हवेत. आपल्याकडे सरकारी नियोजनात टनाला ३८० लिटर धरतात. मधली तूट काही यीस्टच्या स्वतःच्या वाढीत जाते, काही न शिजलेल्या, न कापलेल्या स्टार्चमध्ये. ही दुसरी तूट दळणाने आणि शिजवण्याने कमी करता येते.

दिवसाला ५०० टन मका वापरणारा कारखाना धरा. त्याचं उत्पादन होतं १ लाख ९० हजार लिटर. त्यातला एक टक्का म्हणजे १९०० लिटर. २०२४ साली तेल कंपन्या मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे देत होत्या. म्हणजे रोजचे जवळपास १ लाख ३६ हजार रुपये. जाळीचं भोक किती ठेवायचं यावर माणसं का भांडतात, ते या आकड्यावरून कळेल. फार बारीक दळायला वीज जास्त लागते आणि मक्याची तरंगती धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटू शकते, म्हणून तिथेही हवं तितकं बारीक करत सुटत नाहीत.

ढोबळमानाने टनभर मक्याचा एक तृतीयांश मद्यार्क होतो, एक तृतीयांश कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जातो आणि एक तृतीयांश चोथा उरतो. तो वाळवून कोंबड्यांना आणि गुरांना घालतात. कुक्कुटपालक मक्याच्या भाववाढीवर नाराज असतात तेव्हा त्यांना ‘चोथा घ्या’ असं सांगितलं जातं. पण चोथ्यातून स्टार्च निघून गेलेला असतो, म्हणजे तो मक्याची जागा पुरती घेऊ शकत नाही. शिवाय मका बुरशी लागलेला असेल तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष ऊर्ध्वपातनात, म्हणजे मद्यार्क वाफेने वेगळा काढताना, मद्यार्कासोबत वर जात नाही, ते चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होऊन उरतं. म्हणून दळण्याआधी मका तपासणं हे दळणाच्या बारकाईपेक्षाही महत्त्वाचं, असं मला वाटतं.

चवीत फरक पडतो का?

दळणामुळे थेट फार कमी. करपलं तर पडतो. माल्ट व्हिस्कीत गोड पाणी स्वच्छ उतरलं की फळांसारखा वास पुढे येतो, गढूळ उतरलं की सुक्या मेव्यासारखा, हे त्या धंद्यात मान्य आहे. बाकी बरीचशी चव यीस्ट, भट्टी आणि लाकडाच्या पिंपातून येते. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त ब्रँडमध्ये मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. मळीत साखर तयारच असते, म्हणून तिथे मॅशचा प्रश्नच येत नाही. युरोपात अशा पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

घरच्या घरी थोडीशी केली तर काय बिघडतं?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःसाठी केलं तरी. कलम ६५ मध्ये त्या हेतूने भट्टी, भांडी किंवा साहित्य जवळ बाळगणंही येतं. ‘अमेरिकेत तर सगळे करतात’ हेही तितकंसं खरं नाही. तिथल्या संघराज्य कायद्याने १९७८ मध्ये घरी बिअर करायला मोकळीक दिली, ऊर्ध्वपातनाला ती दिली नाही. स्वतःपुरतं ऊर्ध्वपातन करायला १९९६ पासून मुभा आहे ती न्यूझीलंडमध्ये. कुठला व्हिडिओ कुठल्या देशातला आहे हे बघणाऱ्याला कळतच नाही, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मला त्याची खरोखर काळजी वाटते.

कायदा बाजूला ठेवला तरी आग राहते. ४० टक्के मद्यार्काची वाफ २६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठिणगीने पेट घेऊ शकते. ठाण्यातल्या बंद स्वयंपाकघरात वर्षातले बहुतेक दिवस तापमान त्याच्या वरच असतं, आणि शेजारी गॅसची शेगडी असते.

मिथेनॉलबद्दल मात्र गैरसमज दूर करायला हवा. ‘घरच्या दारूने माणसं आंधळी होतात’ असं सरसकट म्हटलं जातं. मिथेनॉल मुख्यतः फळांमधल्या पेक्टिनपासून तयार होतं, मक्याच्या मॅशमध्ये ते नगण्य असतं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरहून अधिक माणसं दगावली, ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. ज्या गोरगरिबांनी ती प्यायली त्यांच्याकडे ती तपासायचं कुठलंही साधन नव्हतं. वासाने, चवीने किंवा चमच्यात पेटवून बघितल्याने मिथेनॉल ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं.

ज्या मुलांना हा विषय खरोखर आवडला आहे त्यांना मी पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेचं आणि कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचं नाव सांगते. दोन्हीकडे किण्वन आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे पदविका अभ्यासक्रम आहेत. प्रवेशासाठी विज्ञानाची पदवी लागते, म्हणून बारावीनंतर रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र सोडू नका, असंही त्यांना सांगते.